घरचा राउटर आणि ऑफिसचं व्हीपीएन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कवर काम करतो. मार्च २०२० पर्यंत आमच्याकडे प्रिंटरच्या तक्रारी यायच्या. मग सगळे घरी गेले आणि सांगली, चिपळूण, परभणी इथल्या राउटरांशी आमची फोनवरून ओळख झाली. घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची बंदिस्त वाट म्हणजे व्हीपीएन, आणि ती त्या राउटरांमधूनच जाते. खालचे प्रश्न त्या फोनांमधलेच आहेत. उत्तरं वाचताना एक हद्द लक्षात असू द्या: राउटर तुमचा आहे, लॅपटॉप कंपनीचा. राउटरमध्ये तुम्ही खुशाल हात घाला, लॅपटॉपवरचं काही बदलण्याआधी मात्र आम्हाला विचारा.

व्हीपीएन कनेक्टच होत नाही. पहिल्यांदा काय करू?

राउटरला हात लावू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्यावर घ्या आणि व्हीपीएन पुन्हा लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा तास कुठे घालवायचा ते त्यावरून ठरतं.

हॉटस्पॉटवर लागलं, तर लॅपटॉप, पासवर्ड आणि ऑफिसचा सर्व्हर तिघेही सुटले. गाठ तुमच्या राउटरपाशी किंवा नेटवाल्याकडे आहे. हॉटस्पॉटवरही लागलं नाही, तर राउटरवर संशय घेण्याचं कारण उरत नाही. हेल्पडेस्कला फोन करा आणि ‘हॉटस्पॉटवर पण बघितलं’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

यात एक फसगत होते. काही अँड्रॉइड फोन स्वतः घरच्या वायफायवर असले, तर हॉटस्पॉटमधून तेच वायफाय पुढे वाटतात. मग तुम्ही फिरून त्याच राउटरमधून बाहेर पडता आणि ‘हॉटस्पॉटवर पण नाही चालत’ असं आम्हाला छातीठोक सांगता. फोनचं वायफाय बंद करून फक्त मोबाइल डेटा चालू ठेवा.

स्क्रीनवर एरर येतो, त्यावरून काही कळतं का?

कळतं, आणि लोक तो न वाचताच बंद करतात. ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ असा निरोप आला, तर तो बहुतेक वेळा ऑफिसच्या सर्व्हरने पाठवलेला असतो. म्हणजे तुमचं म्हणणं तिथपर्यंत पोचलं आणि उत्तर परतही आलं, वाट मोकळी आहे. विंडोजच्या अंगच्या व्हीपीएनमध्ये याचा नंबर ६९१. अशा वेळी राउटर उलटापालटा करण्यात अर्थ नाही. पासवर्डची मुदत संपली आहे का ते बघा. अ‍ॅपमधला सहा आकडी कोड वापरत असाल तर फोनचं घड्याळ बघा. तो कोड वेळेवरून बनतो आणि साधारण ३० सेकंदांनी बदलतो. घड्याळ दोनतीन मिनिटं पुढेमागे असेल तर कोड बरोबर टाकूनही चुकतो. फोनची वेळ ‘आपोआप’वर ठेवा.

८०९ आला तर मात्र वाटेत कुणीतरी अडवतंय. ८६८ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ताच सापडला नाही. ते डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचं दुखणं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

घरचं नेट तर झकास चालतंय. यूट्यूब चालतं, पोरांचे गेम चालतात. मग राउटरचा दोष कसा?

वेबसाइटची ये-जा मुख्यतः ४४३ नंबरच्या पोर्टावरून, म्हणजे नंबर दिलेल्या दारातून होते, आणि ती वाट जगातला कुठलाही राउटर उघडी ठेवतो. व्हीपीएनची वाट त्याच्या जातीवर असते. आयपीसेक जातीचं व्हीपीएन यूडीपीच्या (नेटवर माल पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींपैकी एक) ५०० आणि ४५०० पोर्टांवरून चालतं, ओपनव्हीपीएन सहसा ११९४ वरून, वायरगार्ड ५१८२० वरून. कंपन्या हे आकडे बदलूही शकतात. एसएसएल व्हीपीएन ४४३ वरूनच जातं, म्हणून ते सहसा कुठेही लागतं. त्यातही काही क्लायंट, म्हणजे लॅपटॉपवरची व्हीपीएन अ‍ॅपं, आधी यूडीपी ४४३ धरायला बघतात, ते मिळालं नाही की टीसीपीवर येतात. व्हीपीएन लागतं पण रखडतं, याचं एक कारण हे असू शकतं.

दुसरी भानगड नॅटची. घरातल्या दहा उपकरणांना बाहेर एकच पत्ता असतो आणि कोणतं उत्तर कुणाचं, हे राउटर पोर्ट नंबर बघून ठरवतो. आयपीसेकच्या मूळ पॅकेटांना (माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांना) पोर्ट नंबरच नसतो, त्यामुळे बिचारा राउटर गोंधळतो. यावर उपाय म्हणून ती पॅकेटं यूडीपी ४५०० च्या पाकिटात घालून पाठवायची पद्धत २००५ मध्ये प्रमाण झाली. आज बहुतेक सगळे तीच वापरतात. पीपीटीपी हे त्याहून जुनं व्हीपीएन. त्याची सुरक्षा इतकी मोडीत निघाली की अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयओएस १० आणि मॅकओएस सिएरामधून ते काढूनच टाकलं. तुमचं ऑफिस अजून त्यावर असेल, तर तक्रार राउटरची करू नका, ऑफिसची करा.

राउटर रीसेट करू का?

रीस्टार्ट करा. रीसेट करू नका. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकच समजल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

रीस्टार्ट म्हणजे वीज बंद करून पुन्हा चालू करणं. आधी फायबरचा डबा, म्हणजे ज्यात पिवळी बारीक वायर जाते तो, चालू करा. त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग तुमचा राउटर. यात राउटरच्या डोक्यात साठलेल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

रीसेट म्हणजे पिन खुपसून कारखान्यातल्या अवस्थेत नेणं. त्यात पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याकडच्या लॉगिनचं युजरनेम आणि पासवर्डही जातो, जो नेटवाल्याच्या मुलाने बसवताना टाकलेला असतो आणि आपण कधी लिहून घेतलेला नसतो. मी हा उद्योग गणपतीच्या आदल्या दिवशी केला. तो मुलगा गावी गेलेला. तीन दिवस मी हेल्पडेस्कचा माणूस असून मोबाइल डेटावर काम करत होतो, आणि घरात हे कुणी अजून विसरलेलं नाही. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये घ्यायची सोय बहुतेक राउटरांत असते. आजच घेऊन ठेवा.

व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं, पण ऑफिसचं काहीच उघडत नाही. असं कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर बहुतेक वेळा घरातच सापडतं: पत्त्यांची टक्कर.

समजा तुमच्या सोसायटीत बी-२०४ आहे आणि ऑफिसच्या आवारातही बी-२०४ आहे. तुम्ही वॉचमनला म्हणालात, ‘हे बी-२०४ ला दे.’ तो कशाला रिक्षा करून ऑफिसला जाईल? जिना चढेल आणि वरच्या काकूंना देऊन येईल. लॅपटॉप नेमकं हेच करतो. खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे १९९६ पासून राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. घरचे राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता घेऊन येतात. ऑफिसच्या नेटवर्कमध्येही कुणीतरी वीस वर्षांपूर्वी तोच पट्टा वापरलेला असतो. मग ऑफिसच्या १९२.१६८.१.२० वरच्या फाइल सर्व्हरला तुम्ही हाक मारता आणि लॅपटॉप ती घरातच शोधत बसतो.

खात्री करायची असेल तर व्हीपीएन बंद असताना लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा आणि हेल्पडेस्कला विचारा, की ऑफिसमध्ये हाच पट्टा आहे का. असेल, तर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जा आणि तिसरा आकडा बदला: १९२.१६८.१.१ चं १९२.१६८.८७.१ करा. ८७ च हवा असं नाही, ० आणि १ सोडून जरा आडवळणाचा आकडा घ्या. १० चा पट्टा मात्र घेऊ नका, मोठ्या कंपन्यांनी तो सगळाच्या सगळा पसरून वापरलेला असतो.

सेव्ह केल्याबरोबर राउटरचं पान मरतं. घाबरून पुन्हा रीसेटची पिन शोधू नका. राउटर नव्या पत्त्यावर राहायला गेला आहे. वायफाय तोडून पुन्हा जोडा आणि १९२.१६८.८७.१ उघडा. ज्या वस्तूंना हाताने पत्ता दिलेला असतो, म्हणजे सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, त्या मात्र जुन्याच पत्त्यावर हटून बसतात. त्यांची सेटिंग एकदा बदलावी लागते.

हॉटस्पॉटवरही ही टक्कर होऊ शकते. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो, आणि ऑफिसचं नेटवर्क १७२ च्या पट्ट्यात असेल तर वरची हॉटस्पॉटची चाचणीच फसते.

लॉगिन होतं, मेलची यादी दिसते, पण अ‍ॅटॅचमेंट उघडताना किंवा मोठी फाइल टाकताना सगळं गोठतं.

छोटं चालतं आणि मोठं अडकतं, असं असेल तर एमटीयू बघा. एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार.

रेल्वेच्या पुलाआधी उंचीची लोखंडी कमान लावलेली असते. स्कूटर जाते, रिक्षा जाते, मालाचा ट्रक अडतो. साध्या इथरनेटवर ही कमान १५०० बाइटची. लोकल नेटवाले ज्या पीपीपीओई पद्धतीने लॉगिन करवतात, तिला स्वतःला ८ बाइट लागतात, उरले १४९२. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटाभोवती आणखी एक वेष्टण चढवतं, त्याचे साधारण ५० ते ८० बाइट. एरवी ट्रक मोठा झाला की कमानीजवळचा माणूस ‘मागे घे, छोटी गाडी आण’ असा निरोप उलट पाठवतो. वाटेतल्या कुठल्या तरी राउटरने हे निरोपच सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेले असतात. मग ट्रक अडतो, मागच्याला पत्ता नाही आणि तुमच्या स्क्रीनवर चाक फिरत राहतं.

मोजायचं असं. व्हीपीएन बंद ठेवा. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि १.१.१.१ या बाहेरच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा, पण पिंगला दोन जास्तीचे पर्याय द्या: वजाच्या चिन्हापुढे एफ, म्हणजे ‘पॅकेट फोडू नको’, आणि वजाच्या चिन्हापुढे एल, त्यानंतर आकडा, म्हणजे पॅकेटाचा आकार. दोन्ही अक्षरं छोट्या लिपीतली. आकडा आधी १४७२ द्या. उत्तर आलं तर तुमची वाट पूर्ण १५०० ची आहे, कारण वर २८ बाइटचा पत्त्याचा मजकूर असतोच. ‘फोडावं लागेल पण मनाई आहे’ अशा अर्थाचं उत्तर आलं किंवा नुसतीच शांतता पसरली, तर १४६४ द्या. ते गेलं तर एमटीयू १४९२, म्हणजे पीपीपीओईला साजेसा. त्याहूनही खाली जावं लागलं, तर आकडा थोडा थोडा उतरवत जा. जो सर्वांत मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा.

आलेला आकडा राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या सेटिंगमधल्या एमटीयूच्या रकान्यात लिहा. पीपीपीओई असूनही तिथे कुणीतरी १५०० लिहून ठेवलेलं मला अनेकदा आढळलं आहे. राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा, तो टीसीपीच्या गाड्यांचा आकार आधीच कापून देतो. इतकं करूनही गोठत असेल, तर लॅपटॉपवरच्या व्हीपीएनचा एमटीयू १३०० च्या आसपास आणावा लागतो. ते काम आमचं. तुम्ही मोजलेला आकडा तेवढा कळवा.

दर थोड्या वेळाने तुटतं. काय करू?

एक दिवस कागद घेऊन बसा आणि केव्हा तुटलं ते लिहा. ‘सारखं तुटतं’ या वाक्यावरून मला काहीच करता येत नाही.

जेवून परत आल्यावर तुटलेलं सापडतं, म्हणजे काम बंद असताना तुटतं? आधी लॅपटॉप झोपतोय का ते बघा. तो जागा असेल, तर राउटरने नॅटची नोंद पुसली असणार. यूडीपीची नोंद किमान दोन मिनिटं तरी ठेवावी असं २००७ पासूनचं प्रमाण सांगतं, पण अर्ध्या मिनिटात विसरणारे राउटर बाजारात आहेत. म्हणून व्हीपीएन अधूनमधून ‘मी आहे’ असा ठोका पाठवतं. आयपीसेकमध्ये तो मुळात २० सेकंदांचा धरलेला आहे, वायरगार्डमध्ये २५ सुचवलेला. हा ठोका कंपनीच्या सेटिंगमध्ये असतो, तुमच्या हातात नाही. पण कागदावरच्या वेळा दाखवल्यात तर आम्ही तो कमी करू शकतो.

बरोबर आठ किंवा बारा तासांनी तुटतं? तो कंपनीचा नियम आहे. पुन्हा लॉगिन करा.

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह फिरतो तेव्हा तुटतं? हसू नका, २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि मायक्रोवेव्ह एकाच लहरीपट्ट्यात आहेत. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या. हॉलमधून बेडरूममध्ये जाताना तुटत असेल तर एका राउटरवरून दुसऱ्यावर उडी मारताना वायफाय क्षणभर सुटतं. व्हिडिओला ते कळत नाही, व्हीपीएनला कळतं. कुठलाही संशय असो, एक दिवस दीडदोनशे रुपयांच्या लॅन केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडून काम करा. केबलवर तुटलं नाही, तर तपास संपला.

उरली वीज. इन्व्हर्टर पकडतो त्या अर्ध्या क्षणात पंखा चालू राहतो, राउटर मात्र रीस्टार्ट होतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज द्या. आणि एवढं करून पुन्हा तेच झालं तर जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या नेटवाल्याच्या पेटीला बॅकअप आहे का ते विचारा. बहुतेक वेळा नसतो.

नेटवाल्याचा डबा आहे आणि मी माझा राउटर वेगळा लावला आहे. डबल नॅटमुळे होत असेल का?

होऊ शकतं, पण जेवढं बोललं जातं तेवढं नाही. तुम्ही घरातून बाहेर जाणारं व्हीपीएन लावता, आणि ते दोन नॅटमधूनही नीट जातं. तुमच्या राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर नेटवाल्याकडे तिसरं नॅटही आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्याच कामासाठी राखला गेला. तेवढ्यासाठी महिन्याचे जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घेण्याची गरज नाही.

डबा आणि राउटर दोघांचाही आतला पट्टा १९२.१६८.१ चा असेल तर मात्र दोघे भांडतात. एकाचा बदला, किंवा नेटवाल्याला डबा ब्रिज मोडवर करायला सांगा, म्हणजे डबा राउटरचं काम सोडून नुसता माल पुढे ढकलेल. ब्रिज केल्यावर पीपीपीओईचं लॉगिन तुमच्या राउटरमध्ये टाकावं लागेल, तेव्हा आधी ते मागून घ्या.

आम्ही नवराबायको एकाच कंपनीत आहोत. एकाचं व्हीपीएन लागलं की दुसऱ्याचं तुटतं.

व्हीपीएन आयपीसेकवर चालणाऱ्या एल२टीपी जातीचं असेल तर हे जुनं, माहितीतलं दुखणं आहे. एकाच नॅटमागून दोघे एकाच सर्व्हरकडे गेले की दोघांतला फरक कळत नाही. राउटरमधलं ‘आयपीसेक पासथ्रू’ बंद करून बघा. नाव बघता उलटं वाटेल, पण ही सोय मुळात एका वेळी एकाच माणसासाठी केलेली होती, आणि ती बंद केल्यावर व्हीपीएन ४५०० ची वाट धरतं. नाहीच जमलं तर एकाने तात्पुरतं हॉटस्पॉटवर जावं आणि दोघांनी मिळून एसएसएल व्हीपीएनची मागणी करावी.

पोर्ट फॉरवर्डिंग करा, डीएमझेड लावा, असं इंटरनेटवर वाचलं.

नका करू. पोर्ट फॉरवर्डिंग बाहेरून आत येणाऱ्यांसाठी असतं, तुम्ही आतून बाहेर जाताय. डीएमझेड म्हणजे कंपनीचा लॅपटॉप दार उघडं टाकून रस्त्यावर बसवणं. फायरवॉल ‘फक्त बघायला’ बंद करणारेही असतात, आणि मग पुन्हा चालू करायचं विसरतात.

आयपी पत्ता टाकला की साइट उघडते, नाव टाकलं की नाही.

डीएनएस. ऑफिसच्या आतली नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला माहीत असतात, आणि तुमचा प्रश्न भलत्यालाच विचारला जातोय. ब्राउझरमधलं ‘सुरक्षित डीएनएस’ बंद करून बघा, ते व्हीपीएनला बगल देऊन थेट बाहेर विचारतं. हे सेटिंग कंपनीने कुलूपबंद केलेलं असेल तर सोडून द्या. राउटरवर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल, तर ते थोडा वेळ बंद करून फरक पडतो का बघा. फरक पडला तरी ते कायमचं बंद ठेवू नका, आम्हाला कळवा. मुलांसाठी राउटरमध्ये फिल्टर लावला असेल तर तोही तपासा. व्हीपीएनला तो ‘संशयास्पद’ गटात टाकतो.

व्हीपीएनवर वेग इतका का पडतो? प्लॅन तर २०० एमबीपीएसचा आहे.

सर्व्हर कुठे आहे ते विचारा. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायलाच १२५ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. प्रत्येक सवाल-जवाबाला तेवढं थांबावं लागतं, म्हणून सगळं हळू वाटतं. प्लॅन ५०० चा केलात तरी हे अंतर कमी होणार नाही.

भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा झालंय का?

नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, त्यातून ही अफवा निघाली. कंपनीच्या स्वतःच्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही, हे सर्ट-इननेच नंतर स्पष्ट केलं.

नेटवाल्याला काय सांगू? तो म्हणतो, ‘आमच्याकडून नेट ओके आहे.’

त्याच्यापुढे ‘व्हीपीएन’ हा शब्द काढलात की ‘तुमच्या ऑफिसला विचारा’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा: ‘दादा, यूडीपी ४५०० बंद आहे का? माझ्या लाइनचा एमटीयू किती आहे?’ त्याला माहीत नसेल, पण तो वरच्या माणसाला फोन लावतो. वरच्या माणसाला माहीत असतं.

आणि हेल्पडेस्कच्या तिकिटात काय लिहू?

‘व्हीपीएन नॉट वर्किंग, अर्जंट’ एवढं लिहू नका. परवा आलेलं एक तिकीट, नाव काढून देतो:

‘सकाळी ९.१० पासून. एरर ८०९. फोनचं वायफाय बंद करून हॉटस्पॉटवर लावलं, तिथे लागतं. घरी केबलवर लागत नाही, वायफायवरही नाही. राउटर रीस्टार्ट केला, रीसेट नाही. घरचा पट्टा १९२.१६८.८७. पिंग १४६४ पर्यंत जातो. काल नेटवाला येऊन डबा बदलून गेला.’

शेवटच्या वाक्यात उत्तर होतं. नव्या डब्याची फायरवॉल ‘हाय’वर होती, ती ‘मीडियम’वर आणली आणि ९.४० ला ती बाई कॉलवर होती.